बांधलेली पत्रावळ

मंदा: नाही म्हणजे नाही, बाई. दुसरं कोणतंही गाणं म्हणा, पण ते चोराचं नको.

शकुन: काहून नको? चोरी केली त चोराचंच गाणं म्हणीन. का आरती ओवाळू त्याच्यापुढं?

मंदा: हळू बोला ना माय! त्यांचा जानवसा शाळेत हाये, पण माणसं सारखी येऊन-जाऊन राहिली. आज सकाळी माह्या निर्मलाचं लगन लागलं. पोरीच्या अंगावरची हळद उतरली नाही अजून, आन् तिच्या आत्यानंच तिच्या सासऱ्याले भर पंगतीत चोर म्हणाव?

शकुन: आत्या हाओ म्हणूनच म्हणीन. पत्रावळ बांधाचा मान आत्याचाच असते. इवायापुढं, म्हंजे पोरीच्या सासऱ्यापुढं, पत्रावळ पडली का मी गाणं म्हणून ते बांधीन, आन् त्यानं उलट गाणं म्हणून सोडवल्याबिगर घास तोंडाले लावाचा नाही. हे काय मी आज काढलं? तुह्या लग्नात तुह्या आत्यानं माह्या बाबाची पत्रावळ नाही बांधली? त्यांच्या दाढीवर रचलं होतं गाणं. बाबा रागावले का? पोट धरून हासले.

मंदा: दाढीचं गाणं वेगळं, बाई. दाढी सगळ्याइले दिसत होती.

शकुन: याचीही चोरी दिसू दे मंग सगळ्याइले. दोन साल झाले असतीन. सानगडीच्या बाजारात पितळेचे भांडे घेऊन आला, शेवटची एसटी हुकली, आन् भंडाऱ्याचा नात्यातला माणूस म्हणून माह्या भावानं त्याले आपल्या ओसरीत झोपवलं. तूच रांधून घातलं त्याले. वांग्याची भाजी खाऊन ढेकर देल्ली, आन् सकाळी उठून धानाच्या ढोलीजवळची माह्या गाण्याची भिंत कागदावर उतरवून घेऊन गेला. सगळीच्या सगळी.

मंदा: तेव्हा कोणाले ठावं होतं का ह्याच घरी सोयरीक होईन? आन् तुम्ही तरी कुठं जपता ते गाणे? कोळशानं लिवता, आन् दर दिवाळीले आपल्याच हातानं छुईची पांढरी माती फिरवून पुसता. मी एकदा म्हटलं, बाई, कागदावर तरी उतरवा, त केवढ्या खेकसल्या माह्यावर!

शकुन: खेकसलीच. कागदावर उतरवलं का ते लोणच्यावानी बरणीत गेलं. मले ते बरणी नको. मले लिवतानाची गोडी पायजे. धानाच्या रोवणीहून याव, पाय धुवाव, चुलीतला कोळसा घ्याव, आन् दिवसभर डोक्यात घोळत होती ते ओळ भिंतीवर उतरवाव. उतरली का मंग बसून पाहाव तिच्याकडं. च्याहून गोड लागते मले ते. तुले आठवते, आणीबाणीत सरकारची माणसं आली होती, आपल्या भिंतीवर दोन लेकराइची पाटी रंगवाले?

मंदा: आठवत नाही तर! आपला बैल भेला होता त्या गेरूच्या बादलीले.

शकुन: त्याइचा उरलेला गेरू मी घेतला. म्हटलं, सरकार माह्या भिंतीवर लिवते, त मी काहून नाही लिवाव? तेव्हापासून लिवते. कोणी वाचाव म्हणून नाही. कोणी वाहवा कराव म्हणून नाही.

मंदा: मंग भांडण कायचं? तुम्हाले नाव नको, पुस्तक नको, शाल-नारळ नको. भिंत तुमची तुमच्याजवळ हाये. त्यानं नेलं तरी काय तुमचं?

शकुन: हेच त कोणाले समजत नाही ना! साखरपुड्यात पेढ्याइसंगं आपलं पुस्तक वाटलं त्यानं. वर फोटो, गळ्यात हार. मी उघडलं, त माहीच ओळ. त्या दिवसापासून कोळसा हातात घेतला का माह्या मागं कोणीतरी उभं हाये वाटते. ओळ तोंडात येते, आन् लगेच मनात येते, हे छापण्याजोगी हाये का? 'पाय' लिवाले गेली का कानात 'चरण' वाजते. दिवाळी गेली, छुई फिरवली, आन् पाह जाऊन त्या भिंतीकडं. कोरी हाये. एक अक्षर नाही तिच्यावर. त्यानं माही गोडी नेली, मंदा. त्याची जिरवल्याबिगर मले ते वापस भेटत नाही.

मंदा: आन् उद्या तो माह्या पोरीची जिरवन, त्याचं काय? तुम्ही इथं सानगडीत बसान भिंतीसमोर. तिले त्या घरात पूर्ण जिंदगी काढाची हाये. सासऱ्यानं नुसतं तोंड फिरवलं तरी घर कसं होते, मी भोगलं हाये. निर्मलाची आन हाये तुम्हाले. चोर म्हणाचं नाही. पुस्तकाचं नाव काढाचं नाही.

शकुन: आन कायले घालतेस?

मंदा: घातली. आता म्हणा.

शकुन: बरं. चोर म्हणणार नाही. पुस्तकाचं नाव काढणार नाही. पण पत्रावळ मीच बांधीन, आन् सोपी बांधणार नाही. आतापासून सांगून ठेवते.

मंदा: बाई... कोणीतरी येऊन राहिलं. अगं माय, इवाईच हायेत! पदर घ्या. मी सरबत आणते. तुम्ही गोड बोला.

वासुदेवराव: येऊ का आत? मंदाताई होत्या ना इथे?

शकुन: या ना. ते सरबत आणाले गेली. तुम्हाले ह्या घरी कोणी अडवलं का कधी? हे ओसरी त तुमच्या ओळखीची हाये.

वासुदेवराव: हो, एकदा मुक्काम घडला होता खरा. शकुनताई, जरा खाजगी काम होतं तुमच्याकडे.

शकुन: बोला. इथं मी आन् ही धानाची ढोली. ढोली काही बोलत नाही.

वासुदेवराव: तिकडे मांडवात बायका हसताहेत. म्हणतात, इवाई कवी आहेत, यांची पत्रावळ पुस्तकातल्या कवितेनं सुटायची नाही. ताजं पाहिजे, बसल्या जागी रचलेलं. ही काय जबरदस्ती आहे?

शकुन: जबरदस्ती नाही, रीत हाये. शिळ्या गाण्यानं पत्रावळ सुटत नाही आमच्याकडं.

वासुदेवराव: तुम्ही सांगा ना त्यांना. मानाच्या आत्या तुम्ही, तुमचं ऐकतील. माझ्या शेजारी आमच्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष बसणार आहेत. सराफ्यातली माणसं आहेत. त्यात साकोलीहून लाऊडस्पीकर आणलाय तुम्ही लोकांनी. एकदम फजिती व्हायची.

शकुन: कवीची फजिती कशी होईन? एवढं जाडं पुस्तक लिवलं तुम्ही. चार ओळी त अशा येतीन, शिंक आल्यावानी.

वासुदेवराव: प्रतिभा अशी हुकमी नसते, ताई.

शकुन: नसते ना? मलेही कळून राहिलं ते. साखरपुड्यापासून कळून राहिलं.

वासुदेवराव: मतलब?

शकुन: बांधीत पाणी, पाण्यात आभाळ, आभाळात बुडाला माहा पाय, आता रोवू कशी माय. पुढचं मी म्हणू का तुम्ही म्हणता?

वासुदेवराव: ...ती भिंत तुमची होती?

शकुन: भिंत माही, कोळसा माहा, आन् धानाच्या बांधीत बुडाला तो पायही माहाच.

वासुदेवराव: देवाशपथ सांगतो, मला ठाऊक नव्हतं. तुमच्या भावाला, गोपीचंदभाऊंना, मी त्या सकाळी विचारलं होतं, हे कुणी लिहिलं? ते म्हणाले, घरच्या बाया लिवत राहतात काहीबाही. मला वाटलं, रोवणीच्या वेळी बायका म्हणतात तसलं काही असेल. गाण्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?

शकुन: नाही लिवलेलं असत. अगदी खरं. मंग तुमचं कसं आलं?

वासुदेवराव: मी त्यांच्यावर संस्कार केले ना. भाषा शुद्ध केली. ग्राम्य शब्द काढले.

शकुन: तेच! तेच करून घातलं तुम्ही! 'जलात नभ अन् नभात माझे चरण विसावले.' चरण? मी काय मखरातला गणपती हाओ? माहे पाय पोटऱ्यापर्यंत चिखलात होते, बोटाइच्या मधात चिखल्या झाल्या होत्या. ते विसावले कुठं? मी दिवसभर वाकून होती तिथं! चोरलं ते चोरलं, वरून धुऊन काढलं. माह्या गाण्याची कळाच घालवली.

वासुदेवराव: हळू, ताई, हळू. पाया पडतो. दुसरी आवृत्ती निघाली की तुमचं नाव टाकतो. ठळक अक्षरात, पहिल्याच पानावर. मग तर झालं?

शकुन: माहं नाव टाकान त ते पुस्तक चुलीत घालीन. मले नाव नको. तुम्हाले कडवं पायजे ना संध्याकाळच्या पंगतीले?

वासुदेवराव: द्याल? खरंच द्याल? तुमचे उपकार मी...

शकुन: देणार नाही. तुम्ही लिवान. इथंच, ह्या भिंतीवर. हा घ्या कोळसा. आन् हे माह्या हातात छुईचं पोतेरं हाये. पटलं नाही का मी पुसीन.

वासुदेवराव: उभ्यानं? भिंतीवर? मी नेहमी टेबलावर...

शकुन: भिंतीवरचं घेताना टेबल लागला नाही तुम्हाले. लिवा.

वासुदेवराव: बरं. थांबा... "सखे, तव नयनांच्या गूढ डोही..."

शकुन: पुसलं. घरी बायकोले सखे म्हणता का तुम्ही?

वासुदेवराव: नाही, ती हसेल. ...हं. "वैनगंगेच्या तीरावरती शांत सायंकाळी..."

शकुन: पुसलं. शांत कुठली? तिथं म्हशी धुतात, आन् बाया भांडतात.

वासुदेवराव: तुम्ही मुद्दाम करता आहात.

शकुन: मुद्दामच करून राहिली. पुढं चला.

वासुदेवराव: नाही येत मला! ऐकायचं होतं ना? ऐका. मला येत नाही. चार वर्षं मंडळात खुर्च्या लावल्या मी, वर्गणी गोळा केली, सगळे स्टेजवर जाऊन कविता म्हणायचे आणि मी पाण्याचा गडू नेऊन ठेवायचो. गडू माझ्याच दुकानचा. त्या सकाळी तुमच्या ओसरीत जाग आली, समोर ती भिंत. वाचता वाचता रडू आलं मला. आणि मग... मग घेतलं मी.

शकुन: रडू आलं तोपर्यंत बरोबर होतं. पुढचंच चुकलं. बरं, एक सांगा. आजवर किती भांडे इकले तुम्ही?

वासुदेवराव: मोजलेत कुणी? बापाच्या वेळेपासून तेच करतो.

शकुन: त्याच्यात असं एखादं होतं का, का इकताना हात मागं आला?

वासुदेवराव: ...आता ते कशाला?

शकुन: होतं ना?

वासुदेवराव: एक गुंड होता, पितळेचा हंडा. पाणी आणायचा. मायचा. रोज राखेनं घासायची, इतका घासायची की तोंड पाहून कुंकू लावायची त्यात. माय गेली त्याच साली एक गिऱ्हाईक आलं, दुकानात दुसरा गुंड नव्हता, आणि म्या... म्या घरून आणून दिला. मोडीचा भाव नाही, नव्याचा भाव घेतला. गिऱ्हाईक काखेत घेऊन चाललं, त उन्हात असा चमकला, वाटलं माय वळून पाहून राहिली.

शकुन: लिवा.

वासुदेवराव: हे? हे काय लिवाचं? ह्याच्यात काव्य कुठं हाये?

शकुन: लिवा म्हटलं ना.

वासुदेवराव: "मायनं घासला गुंड... गुंडात मायचं तोंड... गुंड मी इकून आलो... आता पाहू कुठं तोंड."

शकुन: आता मागं सरून वाचा, काय लिवलं ते.

वासुदेवराव: शकुनताई, हे मी लिवलं? बघा, अंगावर काटा आला. पुस्तक छापून आलं, शाल पांघरली, तेव्हाही असं नव्हतं झालं. हे काय होते हो?

शकुन: गोड लागलं?

वासुदेवराव: लई गोड. आन् रडूही येऊन राहिलं.

शकुन: मले रोज लागे असं. तुम्ही पुस्तक वाटलं त्या दिवसापर्यंत.

वासुदेवराव: ताई, मी... थांबा, आधी कागद काढतो. खिशात पेन आहे. उतरवून घेतो.

शकुन: कागद नाही.

वासुदेवराव: अहो! अहो, काय करता! पुसलं तुम्ही!

शकुन: माही भिंत हाये.

वासुदेवराव: पण चांगलं होतं ना?

शकुन: लई चांगलं होतं. माह्याही डोळ्याले पाणी आलं, खोटं कायले बोलू. म्हणूनच पुसलं.

वासुदेवराव: हरकत नाही. पाठ आहे मला. पंगतीत हेच म्हणतो, बघा तुम्ही. लाऊडस्पीकरवर म्हणतो.

शकुन: म्हणा ना. पण रीत ध्यानात ठेवा. पहिले मी बांधीन, मंग तुम्ही सोडवा.

(दिवेलागणीला मांडवात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळीवर भात, वरण, वडे पडले, तुपाची धार फिरली आणि वासुदेवरावांनी हात आखडून घेतला. लाऊडस्पीकरवाल्याने आपलं ते नळकांडं शकुनबाईपुढे धरलं. बाई अशी काही नटली होती, जणू नवरी तिचीच लेक. तिने एकदा इवायाकडे पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि गळा मोकळा केला. मागे बाया होत्याच.)

शकुन: मायनं घासला गुंड, गुंडात मायचं तोंड...

बाया: गुंडात मायचं तोंड...

शकुन: गुंड लेकीसंगं गेला, आता पाहू कुठं तोंड!

बाया: आता पाहू कुठं तोंड, इवाईबुवा, आता पाहू कुठं तोंड!

मंदा: अगं माय, बाई! मीच त सकाळी घासला निर्मलाच्या आंदणाचा गुंड. काळीज कापलं तुम्ही माहं. हे कधी रचलं?

शकुन: आत्ताच. डोळे पूस, लोक पाहून राहिले.

वासुदेवराव: थांबा. थांबवा ते. ही ओळ... ही ओळ माझी आहे!

बाया: अगं ऐका, ऐका! इवाई म्हणते ओळ माही हाये! सोडवता येईना त ओळच मागून राहिले!

मंदा: असं काय करता, इवाईजी? तुमचं त एवढं मोठं पुस्तक हाये. आमच्या बाईच्या एका ओळीवर कायले डोळा?

वासुदेवराव: शकुनताई, तुम्ही सांगा यांना. तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासमोर...

शकुन: गाण्यावर काय कोणाचं नाव लिवलेलं असते का, इवाईजी? आन् मी थोडे संस्कारही केले.

वासुदेवराव: माह्या मायचं तोंड हाये हो ते.

शकुन: आन् तो पाय माहा होता.

बाया: भात निवून राहिला, इवाईबुवा! म्हणा काही! नाहीतर हात जोडा, आत्याबाईले हरलो म्हणा, सुटन पत्रावळ!

वासुदेवराव: ...हरलो.

बाया: आयकू नाही आलं!

वासुदेवराव: हरलो, शकुनबाई. हरलो मी.

शकुन: सोडली. जेवा आता पोटभर. वड्याले मीठ बरोबर हाये का सांगा.

मंदा: बाई, सगळे हासून राहिले म्हणून बरं. त्याइचे अध्यक्षसुद्धा हासून राहिले. पण तुम्ही दोघं काय बोलले, मले काही समजलं नाही. माह्या पोरीले त्रास त नाही ना होणार?

शकुन: कायचा त्रास? तो कोणाले सांगन? आन् काय सांगन? मी चोर म्हटलं का? पुस्तकाचं नाव काढलं का?

मंदा: नाही काढलं. आन पाळली तुम्ही. पण इवाई जेवून नाही राहिले. भातात नुसते बोटं फिरवून राहिले. डोळ्यातून पाणी येते वाटते.

शकुन: येऊ दे. निर्मलाले तो गुंड देऊन राहिलीस ना? नक्की दे. आन् पोरीले सांग, रोज राखेनं घासजो म्हणा. सासऱ्याच्या डोळ्यापुढं राहीन असा ठेवजो.

मंदा: तुम्हीही ना, बाई! लई खाष्ट हा तुम्ही. आन् आता कुठं निघाल्या? बायाइची पंगत बसाची हाये.

शकुन: बसा तुम्ही. मी भिंत सुकली का पाहून येते.